चार थांबे, लाल शेड

मला मराठी चांगलं येतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यावरून काही लोकांनी चौकात उभं राहून वेगळं मत पसरवलेलं आहे. एका विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात मी एकोणतीस वर्षं पत्रं लिहितो आहे, आणि माझ्या पत्राचा अर्थ कळला नाही असं आजवर एकाही माणसाने लेखी कळवलेलं नाही. काहींनी उत्तरच पाठवलं नाही, पण तो विषय निराळा.

तर आमचा चौक. चार रस्ते येऊन मिळतात आणि चारही रस्त्यांनी वाहनं सुसाट येतात. येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की बाकीचे थांबतील, आणि बाकीचेही आपल्यासारखेच सुशिक्षित असल्यामुळे त्यांनाही तसंच वाटतं. एका कोपऱ्यावर आमचं घर. दुसऱ्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. तिसऱ्यावर एक निवृत्त मुद्रितशोधक राहतात. त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं आणि आता तेच काम फुकट करतात. गल्लीत त्यांना अनुस्वार म्हणतात, तोंडावर 'काका' म्हणतात. आणि रस्त्याच्या पलीकडे, आमच्या बरोबर समोर, तळमजल्यावर भूगोलबाई.

भूगोलबाई म्हणजे माझ्या ताईची मैत्रीण. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता कंबरेच्या दुखण्याने घराबाहेर पडत नाहीत. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, एकाहत्तर पूर्ण. रोज संध्याकाळी पाच वाजता ती चौक ओलांडून त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला जायची. नऊ वर्षांत खाडा नाही. मग एका संध्याकाळी एक स्कूटर तिच्या अंगावरून, म्हणजे अगदी पदराला घासून गेली. ताई पडली नाही, खरचटलं नाही, फक्त तिच्या हातातली पिशवी उडून चौकभर सोंगट्या पसरल्या. एक हत्ती अजून सापडलेला नाही. त्याच्या जागी आता औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवतात.

त्या दिवसापासून ताई चौक ओलांडेना. पाच वाजता तयार होऊन फाटकापर्यंत जायची, दहा मिनिटं उभी राहायची आणि 'आज कंटाळा आलाय' म्हणून परत यायची. ही बाई ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं परिचारिका होती. मोठमोठे सर्जन तिच्या आवाजाला दबकून असायचे. ती एका रस्त्याला घाबरली, हे मला बघवत नव्हतं. डाव मोडू नये म्हणून दोघी आपापल्या खिडकीतून ओरडून खेळू लागल्या. 'उंट मारला!' अशी आरोळी आली की रस्त्यावरचे लोक दचकून इकडेतिकडे बघायचे.

"अहो, तुम्ही काहीतरी करा ना," बायको म्हणाली. "तीन आठवडे झाले. ताईंचं जेवणसुद्धा कमी झालंय."

मी करायचं ठरवलं. मी ठरवलं की ते होतंच, फक्त कधीकधी वेगळंच होतं.

रविवारी सकाळी आमच्या अंगणात बैठक घेतली. चारही रस्त्यांच्या तोंडाशी 'थांबा' असं लिहिलेली लाल पाटी बसवून घ्यायची, एवढा साधा विषय. अर्धा तास दातांचे डॉक्टर गतिरोधकाचा आग्रह धरून बसले. गतिरोधक झाला तर माणसांचे दात एकमेकांवर आपटतात, सिमेंट निघून येतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर तो ठराव बारगळला. मग अनुस्वारकाकांनी चष्मा पुसला.

"पाटीवर 'थांब' लिहायचं की 'थांबा'?"

"'थांबा'च लिहितात सगळीकडे," मी म्हणालो.

"म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या अंगावर स्कूटर घालणाऱ्याला आपण अहो-जाहो करायचं?"

यावर मात्र बैठक पेटली. एक पक्ष म्हणाला, असल्यांना 'थांब'सुद्धा जास्त होतं. दुसरा म्हणाला, मोटारीत मागे एखादे सासरे बसलेले असतील तर ते काय म्हणतील? डॉक्टरांनी 'कृपया' सुचवलं. काकांनी 'कृपया' ऱ्हस्व-दीर्घाच्या दृष्टीने निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला, पण तेवढं वाचून होईपर्यंत गाडी चौकाबाहेर गेलेली असेल अशी शंका काढली. शेवटी मुलंबाळं वाचतील म्हणून आदरार्थी 'थांबा' मंजूर झालं. दोन तास गेले. खिडकीतून ताई सगळं ऐकत होती, तिने विचारलं, "बाळ, पाटी बसवणार कोण, हे ठरलं का?"

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला चारचौघांत बाळ म्हणू नये, असं मी तिला अनेकदा सांगितलं आहे.

अर्ज मी लिहिला. विषय घातला: 'आमच्या चौकात चारही बाजूंस थांबे बसवण्याबाबत.' खाली लिहिलं: 'सदर चौकात एकही थांबा नसल्याने नागरिकांची, विशेषतः वृद्धांची, अतोनात गैरसोय होत आहे. तरी चार थांबे तातडीने मंजूर व्हावेत.'

बायकोने वाचलं आणि म्हणाली, "सरळ 'स्टॉपची पाटी' लिहा ना. लोकांना कळतं."

"अगं, सरकारी कागद आहे. त्यात परकी शब्द कशाला घुसडायचे? 'थांबा' म्हणजे थांबण्याची पाटी. एक थांबा, चार थांबे. व्याकरण सरळ आहे."

"सरळ आहे, पण थांबा म्हणजे—"

"काकांना दाखवून आणतो," मी म्हणालो, आणि तिचं वाक्य मी तिथेच तोडलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर माणसाकडून असं होतं. काकांनी अर्ज दोनदा वाचला, 'अतोनात'वर बराच वेळ थबकले, मग म्हणाले, "निर्दोष आहे." मी तो कागद छातीशी धरून नगरपालिकेत नेला.

खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनाने आधी कागद वाचला, मग मला पाहिलं.

"चार थांबे? एकाच चौकात?"

"चारही बाजूंनी येतात ना."

"दोनांत भागणार नाही?"

"मग उरलेल्या दोन बाजूंच्या लोकांनी काय मरायचं का?"

माझा आवाज जरा चढला होता. त्याने नरमाईने टिपून घेतलं. "रोजचे साधारण किती असतील?"

"हजाराच्या खाली नाहीत. सकाळी नऊ ते दहा तर विचारू नका."

"हजार," तो पुटपुटला. चेहऱ्यावर आदर उमटलेला मला स्पष्ट दिसला. "आणि शेड पाहिजे?"

पाटीचा रंगही विचारतात, म्हणजे कारभार सुधारला, असं मला वाटलं. "म्हणजे काय! लाल शेड. ती जगभर ठरलेलीच आहे."

"लाल," त्याने लिहिलं आणि शिक्का मारला. पाहणीसाठी माणूस येईल, म्हणाला.

पाहणीचा दिवस कळल्यावर मी काहीही दैवावर सोडलं नाही. चौक ओलांडणं किती कठीण आहे हे साहेबांना दिसावं म्हणून गल्लीतली झाडून सगळी माणसं रस्त्याच्या कडेला उभी केली. गर्दी नको, शिस्त दिसावी म्हणून एकामागे एक, रांगेत. डॉक्टरांनी दवाखान्यातले रुग्णसुद्धा दिले, एकाच्या तोंडात कापूस होता. पाहणी करणारा माणूस वही घेऊन आला, रांग पाहून जागीच उभा राहिला आणि मोजू लागला. त्रेसष्ट भरले. मग तो ताईजवळ गेला.

"आजी, किती वेळ उभ्या आहात?"

"अर्धा तास झाला."

"रोज असंच?"

"रोज. कोणी थांबतच नाही हो. सरळ निघून जातात."

त्याने मान हलवली, अगदी मनापासून हळहळला. "ड्रायव्हर लोक माजलेत, आजी. बघतो मी." मला वाटलं, असा सहृदय माणूस या खात्यात पहिल्यांदाच पाहिला. अजूनही मी त्याला दोष देत नाही.

चार महिने गेले. ताई फाटकापर्यंत जात होती आणि परत येत होती. मग एका मंगळवारी ट्रक आला. मी ऑफिसला निघालो होतो. डबा सायकलच्या हँडलला अडकवून तसाच उभा राहिलो. दोन कामगारांनी ट्रकमधून पाटी काढली. लाल पाटी, पांढरी अक्षरं, 'थांबा'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मान्य करतो. मी गल्लीतल्या प्रत्येक घराची बेल वाजवली. काकांना, डॉक्टरांना, बायकोला बाहेर बोलावून म्हणालो, "पाहा. एक अर्ज. फक्त एक अर्ज, नीट लिहिलेला."

मग त्यांनी ट्रकमधून बाक काढलं.

"बाक कशाला?" बायकोने विचारलं.

"वाट पाहणाऱ्यांसाठी असेल," मी म्हणालो. मग चार खांब निघाले. मग लाल पत्र्याचं छप्पर निघालं. मी मुकादमाला गाठून विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, "बसथांबा. मागणी फार जोरात होती म्हणे. शेडसुद्धा लाल मागितलीय कुणीतरी."

बायको तिथे हसली नाही. ती आत गेली आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा आवाज आला. हसताना तिच्या हातात काही राहत नाही.

दोन दिवसांत चार कोपऱ्यांवर चार थांबे उभे राहिले. आमच्या गल्लीतून बस जातच नव्हती, तरीही लोक येऊन बसू लागले. थांबा आहे म्हणजे बस असणारच, असा माणसाचा विश्वास असतो. मी फाटकाशी उभा असलो की अनोळखी माणसं मला वेळापत्रक विचारत. डॉक्टरांच्या दवाखान्याचा फलक छपरामागे गेला. ते तावातावाने माझ्याकडे आले, पण दाढा दुखणारे लोक आता बाहेर बाकावर बसतात आणि आत जागा होते हे लक्षात आल्यावर नमस्कार करून परत गेले. काकांनी तर कमाल केली.

"तुमच्या अर्जात विशेषण नव्हतं," ते म्हणाले. "मला त्याच वेळी शंका आली होती."

"तुम्ही 'निर्दोष' म्हणालात!"

"शुद्धलेखन निर्दोष होतं. अर्थाचं मला कुणी विचारलं नाही."

हे माझ्या जिव्हारी लागलं. मी रजा टाकली, शब्दकोश उघडला आणि नगरपालिकेकडे नऊ पानांची तक्रार पाठवली. 'थांबा' या शब्दाचा मूळ अर्थ, आज्ञार्थी रूप, नाम म्हणून वापर, सगळं क्रमवार मांडलं. चूक वाचणाऱ्याची आहे, लिहिणाऱ्याची नाही. थांबे हटवून पाट्या लावाव्यात. आणि झाल्या प्रकाराबद्दल कार्यालयाने लेखी दिलगिरी व्यक्त करावी. खरं सांगायचं तर नववं पान लिहीपर्यंत ताई आणि चौक दोन्ही माझ्या मनातून गेले होते. मला फक्त ती दिलगिरी हवी होती.

तक्रार गेली आणि बस सुरू झाली. चार थांबे रिकामे दिसतात म्हणून वाहतूक खात्याने अकरा नंबरची बस आमच्या रस्त्याने वळवली. ती आमच्या फाटकाशी थांबते, चौक ओलांडते आणि भूगोलबाईंच्या दारासमोरच्या थांब्यावर पुन्हा थांबते. दोन थांब्यांमध्ये चाळीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. कंडक्टर पहिल्या दिवशी दोनदा घंटी मारता मारता वैतागून गेला.

चौथ्या दिवशी पाच वाजता ताई फाटकाशी उभी होती. बस आली. ताईने पिशवी सावरली आणि बसमध्ये चढली. मी खिडकीतून पाहत होतो. कंडक्टर खालीच उभा होता, त्याने हात दिला.

"कुठे जायचं, आजी?"

"पुढच्या थांब्याला."

"ते तर इथून दिसतंय."

"दिसतं म्हणूनच जायचंय," ताई म्हणाली आणि ज्येष्ठांचा पास पुढे केला.

बसला कुणी आडवं जात नाही. स्कूटरवाले, मोटारवाले, सगळे मुकाट्याने उभे राहिले, बस चाळीस पावलं चालली आणि ताई पलीकडे उतरली. साडेपाच महिन्यांनी भूगोलबाईंच्या खोलीत पट मांडला गेला. त्या दिवशी खिडकीतून आरोळी आली नाही, आणि ती आली नाही म्हणून मला एवढं बरं वाटलं की मी काकांशीही नीट बोललो. ताई परतीच्या बसने साडेसहाला घरी आली आणि तिने दोनदा वाढून घेतलं. पुढे रोज तसंच. बसमधले लोक तिला ओळखू लागले, दाराजवळची जागा राखू लागले. जेमतेम टेकेपर्यंत उतरायची वेळ यायची, पण ती बसायची.

आणि दोन महिन्यांनी, पाचला दहा मिनिटं कमी असताना, ट्रक पुन्हा आला. सोबत नगरपालिकेचे उपअभियंता होते, हातात लिफाफा.

"तुमची तक्रार आम्ही तीन समित्यांपुढे ठेवली," ते अतिशय अदबीने म्हणाले. "तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तुमच्या मराठीत चूक नव्हती, आमच्या वाचनात होती. ही कार्यालयाची लेखी दिलगिरी. थांबे आज काढून नेतो."

गल्ली जमली होतीच. काका पुढे होते, त्यांच्या समोर तो लिफाफा माझ्या हातात आला. मी उघडून पाहिलं. 'अर्जदाराची भाषा सुस्पष्ट व अचूक होती' असं टंकलेलं वाक्य, खाली सही, शिक्का. असं वाक्य माणसाला आयुष्यात एकदा मिळतं.

"आणि पाट्या?" मी विचारलं.

"त्यांचा नवा प्रस्ताव करावा लागेल. वर्ष, दीड वर्ष."

कामगाराने पहिल्या बोल्टला पाना लावला. त्या थांब्याखाली, बाकाजवळ, ताई पिशवी घेऊन उभी होती. तिने फक्त पलीकडच्या खिडकीकडे पाहिलं आणि मग 'आज कंटाळा आलाय' म्हणताना जसा करायची तसा चेहरा केला.

मी लिफाफा घडी करून उपअभियंत्यांच्या हातात परत दिला. "साहेब, चूक माझीच होती. मला बसथांबेच हवे होते."

"अहो, पण तुमची नऊ पानं?"

"ती रागात लिहिली."

"शब्दकोशासहित?"

"मला राग आला की शब्दकोश लागतो."

ते बिचारे गोंधळले. म्हणाले, तसं लेखी द्यावं लागेल. मी बाकावर बसलो आणि मांडीवर कागद ठेवून लिहिलं: 'अर्जदारास थांबा या शब्दाचा योग्य अर्थ माहीत नव्हता. तो बसमुळे समजला. नगरपालिकेने अर्ज बरोबरच वाचला होता. तरी थांबे आहेत तसेच ठेवावेत.' काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी वाट पाहिली, पण त्यांनी एक अक्षर काढलं नाही. उलट खिशातलं पेन काढून खाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि खोल आवाजात म्हणाले, "मीही तपासला होता तो अर्ज." बायको फाटकाशी उभी होती. या वेळी भांडी पडली नाहीत. तिने डोळ्याला पदर लावला आणि मग धूळ फार झाल्याची तक्रार केली.

या सगळ्या गडबडीत बस आली होती. थांबली होती. ताई माझ्याकडे आ वासून बघत राहिल्यामुळे कुणी चढलंच नाही, आणि कंडक्टरने घंटी मारली. बस हलल्यावर ताई भानावर आली.

"थांबा!"

तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ऑपरेशन थिएटरचा आवाज होता तो. बस चौकाच्या अलीकडेच गच्च उभी राहिली. डावीकडची मोटार थांबली. उजवीकडचा स्कूटरवाला पाय टेकून उभा राहिला. कामगाराच्या हातातला पाना थांबला. उपअभियंता कागद घडी करत होते, ते अर्ध्या घडीवर थांबले. चारही बाजूंनी, आदरार्थी.

कंडक्टरने दारातून हात पुढे केला. "या, आजी."

पण ताई तोवर रस्त्यावर उतरली होती. सगळा चौक आपल्यासाठी उभा आहे हे तिने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहून घेतलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली. चाळीस पावलं. घाई नाही, मागे बघणं नाही. कुणी हॉर्न वाजवला नाही.

पलीकडच्या खिडकीतून भूगोलबाईंचा आवाज आला, "उशीर केलास!"

"बस चुकली," ताई म्हणाली आणि आत गेली.

साडेसहाला ती परत आली ती मात्र बसनेच. मी थांब्यावर उभा होतो. मी म्हणालो, "ताई, चालता येतं की तुला."

"येतं," ती उतरता उतरता म्हणाली. "पण बाळ, तू एवढं लिहून दिलंस. ते वाया कशाला घालवायचं?"